‘नाही’ कोणी म्हणायचे?

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती जेमतेम एक कप चहा संपेपर्यंत. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात सैल सुटतो, आणि मलाही पाय पसरून बसता येते. तेव्हा वाचकहो, चकलीची ताटली समोर असेल तर ती जरा जवळ ओढा. आज आमच्या घरात चाललेला एक खटला तुम्हाला सांगायचा आहे. खटला म्हणजे कोर्टातला नव्हे, दिवाणखान्यातला. त्यात फिर्यादी पुष्कळ होते, आरोपी म्हणून एक वीस वर्षांची मुलगी होती, आणि न्यायाधीश म्हणून मला बोलावले होते. शेवटी पिंजऱ्यात कोण उभे राहिले ते पुढे कळेलच.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. सत्तरीला आली, तरी माझ्या लेखी ती धाकटीच. म्हणाली, “दादा, रविवारी ये. नातीचं काय ते एकदा ठरवायचंय.”

“कुठलं स्थळ आहे?” मी विचारले.

“स्थळ कसलं? मालिका!”

मालिका म्हटले की मला रात्रीचे जेवण आठवते. पडद्यावरच्या सासूने सुनेवर जो काही डाव टाकला असेल, त्याचा राग आमची सौभाग्यवती आमटीवर काढते, आणि मिठाचा हिशेब माझ्या पानात चुकता होतो. पण ही मालिका पाहायची नव्हती, करायची होती.

ही नात म्हणजे बहिणीच्या लेकीची लेक. पुण्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली. पुण्यात कॉलेजच्या पोरांना नाटकाचे वेड लागले की पावसाळ्यात त्यांचा पत्ता दोनच ठिकाणी लागतो: एक कॉलेजची तालमीची खोली आणि दुसरे भरत नाट्य मंदिर. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ‘पुरुषोत्तम करंडक’ ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे. आज नाटकांत, मालिकांत, चित्रपटांत दिसणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींच्या अंगाला पहिला रंग तिथे लागला. आमच्या नातीने पहिल्या वर्षी तिथे सामान हलवण्याचे काम केले, आणि दुसऱ्या वर्षी एका खाष्ट म्हातारीची भूमिका केली. चाल हुबेहूब आजीची उचलली होती. प्रयोग पाहून बहीण आठ दिवस तिच्याशी फुरंगटून होती, आणि त्या आठ दिवसांत दर शेजारणीला तेच कौतुकाने सांगत होती.

तर अशा या मुलीला मुंबईच्या एका मालिकेत नायिकेच्या बहिणीचे काम मिळाले होते. चित्रीकरण ठाण्याला, घोडबंदर रोडवर. म्हणजे राहायचे आमच्याकडे. माझ्या नावाने समन्स निघाले त्याचे हेही एक कारण होते. रविवारी सकाळी मी पुण्याला पोचलो.

दिवाणखान्यात सगळे माझी वाट पाहत होते. पोहे झाले, चहा झाला. मी म्हटले, “आधी मला हे सांगा, की हे काम मिळते तरी कसे? आमच्या वेळी ओळख लागे.”

नात पुढे सरकून बसली. “मामाआजोबा, ओळख अजूनही लागते. पण आता आधी टेप लागते.”

मग तिने सगळी रीत समजावून सांगितली. मालिकेसाठी माणसे निवडणारे लोक चार ओळींचा प्रवेश मोबाइलवर धाडतात. तो पाठ करायचा, घरातल्या रिकाम्या भिंतीपुढे उभे राहायचे, आणि मैत्रिणीला मोबाइल धरायला लावून चित्रण करायचे. प्रथम नाव, वय, उंची सांगायची, मग डावीकडून आणि उजवीकडून चेहरा दाखवायचा, मग प्रवेश. पलंगावरची चादर दिसता कामा नये, कुकरची शिट्टी ऐकू येता कामा नये. ही टेप पसंत पडली तर अंधेरीला बोलावणे येते. तिथे वर्सोव्याला आराम नगर म्हणून जुन्या बैठ्या घरांची वसाहत आहे. नाव आराम, पण आरामात कोणी नाही! दारादारांशी देखणी मुले-मुली हातात कागद घेऊन भिंतींशी पुटपुटत असतात. पुन्हा परीक्षा. मग वेषभूषा चढवून चेहरा तपासतात, त्याला लूक टेस्ट म्हणतात. मग खोटे चित्रीकरण, म्हणजे मॉक शूट. आणि शेवटी चॅनेलचा होकार. आमच्या नातीने अशा टेपा दीड वर्षात किती पाठवल्या त्याची वही ठेवली होती. आकडा त्रेचाळीस. बेचाळीस ठिकाणांहून उत्तरच आले नव्हते.

“म्हणजे नकारसुद्धा नाही?” मी विचारले.

“नकार कोण देतंय! गप्प बसतात. ते आपण समजून घ्यायचं.”

मी आयुष्यभर विमा कंपनीत कारकुनी केली. आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर गेलेच पाहिजे हा आमचा धर्म. बेचाळीस बिनउत्तरी अर्ज ऐकून माझ्या पोटात कालवले.

मग खटला सुरू झाला. जावईबापू इंजिनिअर. त्यांचे म्हणणे सरळ होते: एक वर्ष राहिले आहे, पदवी घे, मग काय ते कर. लेकीचे, म्हणजे मुलीच्या आईचे म्हणणे असे, की संधी काही विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. मग दोन्ही बाजूंनी साक्षीदार निघाले. आई म्हणाली, “मृणाल ठाकूर बघा. आपली धुळ्याची मुलगी. मालिकाच करत होती आधी. ‘कुमकुम भाग्य’मध्ये होती. आज कुठे गेली!”

नात स्वतःच म्हणाली, “आई, तिने ती मालिका २०१६ मध्ये सोडली. ‘लव्ह सोनिया’ आला २०१८ मध्ये. मग ‘सुपर ३०’, आणि ‘सीता रामम्’ २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं कोणी मोजत नाही.”

जावईबापूंनी दुसरा साक्षीदार काढला. “रिंकू राजगुरू! ‘सैराट’ आला २०१६ मध्ये. पोर शाळेत होती. सगळा महाराष्ट्र तिच्या नावाने वेडा झाला. पण तिने २०१७ मध्ये बाहेरून बसून दहावी दिलीच ना? आणि पुढचा मराठी चित्रपट, ‘कागर’, तीन वर्षांनी आला. तीन वर्षं! माणसाच्या हातात काहीतरी असायला नको?”

दोन्ही साक्षी खऱ्या होत्या, आणि गंमत अशी, की दोन्ही एकच गोष्ट सांगत होत्या. पहिल्या कामाची बातमी होते. पहिल्या आणि दुसऱ्या कामाच्या मधल्या काळाची होत नाही. पण नट खरा घडतो किंवा मोडतो तो त्याच काळात. तेवढ्या काळात जेवायला कोण घालतो, टोमणे कोण मारतो आणि धीर कोण देतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. हे मला त्या क्षणी सुचले असते तर मी मोठा न्यायाधीश ठरलो असतो. पण मला सुचला तो नेहमीचाच निकाल. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “माझ्या मते—”

इतका वेळ बहीण खिडकीशी गवार निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “दादा, तुझा निकाल मला ठाऊक आहे. पोस्टकार्डावर मावतो.”

कोणाला काही कळले नाही. मला मात्र कळले. आणि त्यासाठी, वाचकहो, तुम्हाला माझ्याबरोबर पन्नास वर्षे मागे, गिरगावातल्या आमच्या चाळीत यावे लागेल.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या चाळीत पहिला संच दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात आला. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, आणि वर विणलेला रुमाल. संध्याकाळी चाळ तिथे लोटे. ‘छायागीत’, ‘गजरा’, आणि ज्याचा शेतीशी काडीचा संबंध नाही तोसुद्धा ‘आमची माती, आमची माणसं’ पाही. आणि बातम्या. बातम्या सांगणाऱ्यांत एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. ती पडद्यावर आली की गडबड आपोआप थांबे. बातमी लक्षात राही की नाही ते देव जाणे, मुलगी राही. तिचे नाव स्मिता पाटील. बातम्या वाचायला ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसे, ही गोष्ट आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळली. कमरेखाली कॅमेरा जात नसे ना!

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्याचा. आमची धाकटीही त्याच सालची. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणातले, मंत्रिपदापर्यंत गेलेले; आई विद्याताई समाजकार्यात. घरात सेवा दलाचे वळण. मुलगी मुंबईला आली आणि दूरदर्शनवर बातम्या देऊ लागली. तिथे तिला श्याम बेनेगल यांनी हेरले. १९७५ साली ‘चरणदास चोर’ हा मुलांसाठी काढलेला चित्रपट आला, आणि त्याच वर्षी ‘निशांत’. पुढल्या वर्षी ‘मंथन’. त्याला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये घालून भांडवल पुरवले होते. १९७७ मध्ये ‘भूमिका’. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर बेतलेल्या त्या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा वय बावीसच्या आसपास. मराठीत ‘जैत रे जैत’मधली ठाकर बाई चिंधी आणि १९८२ च्या ‘उंबरठा’तली सुलभा महाजन. मधे ‘चक्र’साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, आणि १९८५ मध्ये पद्मश्री. बातम्या देणाऱ्या मुलीपासून पद्मश्रीपर्यंत हिशेब मांडला तर बारा-तेरा वर्षेसुद्धा भरत नाहीत.

या प्रवासातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. ‘भूमिका’नंतर धंदेवाईक चित्रपटवाले तिच्याकडे येत होते, आणि ती पाच-एक वर्षे त्यांना नकार देत होती. पुढे तिच्या ध्यानात आले, की छोटे, वेगळे चित्रपट काढणारेही आता गाजलेली नावेच शोधू लागले आहेत. तेव्हा तिने आपण होऊन मोठ्या पडद्यावरच्या मसाल्याला होकार दिला. १९८२ मध्ये अमिताभ बच्चनबरोबर ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ आले. ‘नमक हलाल’मधले पावसातले गाणे करून तिला बरे वाटले नव्हते, असे सांगतात. ते बरोबर की चूक हा वाद चालू द्या. मुद्दा असा, की नकारही तिचा होता आणि होकारही तिचाच. काम नाकारले तरी उद्या चूल पेटणार आहे, आणि घरचे कोणी तोंड फिरवणार नाही, एवढे बळ पाठीशी होते. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत ती गेली. वय एकतीस. ‘मिर्च मसाला’ तिच्या मागून पडद्यावर आला. त्या दिवशी आमच्या चाळीत एक बाई जेवली नव्हती. ती माहेरपणाला आलेली माझी बहीण.

आता ते पोस्टकार्ड.

१९७५ मध्येच आमच्या भागातल्या मंडळाने राज्य नाट्यस्पर्धेत एक नाटक उतरवले होते. ही सरकारी स्पर्धा १९५४ पासूनची. तिच्यापायी कारकुनांनी किती रजा काढल्या असतील त्याची गणती नाही. बहिणीला त्यात बऱ्यापैकी मोठी भूमिका होती. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि घरात कर्ता पुरुष मी, वय वर्षे सत्तावीस. “ओळखीतले मंडळ आहे, तालमीनंतर पोचवायला माणूस असेल” अशा अटींवर मी परवानगी दिली होती. ‘परवानगी’ हा शब्द लिहिताना आज हात अडखळतो, पण तेव्हा तोच शब्द होता.

प्रयोग चांगला झाला. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. प्रयोग पाहिलेल्या एका गृहस्थांनी लिहिले होते, की ते दूरचित्रवाणीसाठी एक छोटे नाटक बसवणार आहेत, मुलीचा आवाज त्यांना आवडला आहे, तरी अमुक दिवशी वरळीच्या केंद्रावर आवाजाच्या चाचणीला यावे. पत्र बहिणीच्या नावाने होते. पण टपाल माझ्या हाती पडले.

मी ते तिला दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुटीत एक कोरे पोस्टकार्ड घेतले आणि उत्तर लिहिले: “चि. बहिणीचे लग्न ठरले आहे. सबब येणे जमणार नाही. क्षमस्व.” लग्न ठरले नव्हते. ते ठरायला आणखी दोन वर्षे होती. पण नटीला स्थळे येत नाहीत असा तो काळ होता, किंवा काळ तसा आहे असे मला वाटत होते. त्यापेक्षा खरे सांगायचे तर, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सगळी चाळ आपल्या बहिणीकडे पाहत बसली आहे हे चित्र मला सोसवले नाही. आलेले पत्र मी फाडले. आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर गेलेच पाहिजे, तो धर्म मी पाळला होता!

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. सौभाग्यवतीलासुद्धा नाही.

“तुला कधी कळलं?” मी बहिणीला विचारले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“शहात्तर साली,” ती म्हणाली. “शिवाजी मंदिरात मध्यंतरात ते गृहस्थ भेटले. म्हणाले, अभिनंदन, लग्न झालं ना तुमचं?”

“मग?”

“मग काय? हो म्हटलं. भावाला खोटं पाडायचं होय चारचौघांत?”

दिवाणखान्यात कोणी बोलेना. गवारीची शेंग मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. पन्नास वर्षांत तिने मला भाऊबीजेला ओवाळले, माझ्या आजारपणात रात्री जागवल्या, माझ्या मुलांची बारशी केली, आणि एकदाही हा विषय काढला नाही. मी म्हणालो, “चुकलो मी.” सत्तावीस वर्षांच्या मुलाने म्हणायचे ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने म्हटले.

तिने शेंगा बाजूला सारल्या. “माझं राहू दे आता. मला नटी होता आलं असतं की नाही कोण जाणे. कदाचित ते गृहस्थच म्हणाले असते, की बाई, आवाज चालत नाही. पण ते मला ऐकायचं होतं, दादा. माझं ‘नाही’ तू परस्पर म्हणून टाकलंस. हिचं तरी हिला म्हणू दे.”

मग मी न्यायाधीशाची खुर्ची सोडली आणि मला जे खरोखर येते ते केले. नातीला म्हटले, “करारपत्र आण.” आयुष्यभर विम्याच्या पॉलिशीतली बारीक अक्षरे वाचलेला माणूस आहे मी. चौदा पानांचा तो करार आम्ही दोघांनी दुपारभर बसून वाचला. तरुण मुलामुलींच्या पालकांसाठी त्यातली मुख्य कलमे इथे देतो. मालिकेचे नाव विचारू नका.

कामाचा मोबदला दिवसावर, म्हणजे ज्या दिवशी बोलावतील त्या दिवसाचाच. पाळी बारा तासांची. येण्याजाण्याचा वेळ वेगळा. पैसे काम केल्यापासून नव्वद दिवसांनी. या धंद्यात ती सर्रास रीत आहे म्हणतात. म्हणजे जुलैत केलेल्या कामाचा पैसा ऑक्टोबरात. तोवर रिक्षाचे, जेवणाचे, कपड्यांचे पैसे घरचे. मालिका चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करायचे नाही, नाटकसुद्धा नाही. त्यांना तीस दिवसांच्या सूचनेने मुलीला काढता येईल. मुलीला मात्र दोन वर्षे सोडता येणार नाही. आणि पात्र परगावी गेले, आजारी पडले किंवा मेले, तर तो लेखकाचा अधिकार. आठवड्याच्या आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात, आणि त्या आकड्यांवर कोणाचे लग्न लागायचे आणि कोणाला अपघात व्हायचा ते ठरते. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ लागली तेव्हापासून आपण घरोघर या माणसांना नावाने ओळखतो. पण ती माणसे रोजंदारीवर आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणे बंद पडली, तेव्हा दिवसावर पोट असलेल्या किती जणांची चूल अडली असेल!

नातीने सगळे ऐकून घेतले. ती म्हणाली, “पैसे उशिरा चालतील. बारा तास चालतील. मरायलाही माझी हरकत नाही.”

“अगं!” आजी ओरडली.

“मालिकेत गं! पण परीक्षेचे दिवस मला लिहून हवेत. नोव्हेंबरात आठ दिवस, एप्रिलमध्ये पंधरा.”

फोन तिनेच केला. मी करू का, असे जावईबापूंनी विचारले. आजीने त्यांच्याकडे पाहिले मात्र, ते गप्प बसले. पलीकडचा गृहस्थ गोड बोलत होता. “अगं, करू ना ॲडजस्ट. त्यात काय!” ही म्हणाली, “मग एक ओळ करारात घालाल का?” तो म्हणाला, बघतो. हिने सांगितले, की ओळ आली की मी सही करते, नाहीतर मला जमणार नाही. फोन ठेवला तेव्हा तिचे हात थरथरत होते.

दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी कळले की भूमिका दुसऱ्या मुलीला दिली.

इथे मी तुम्हाला काहीतरी गोड सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल, दिवाळी आहे. पण झाले ते असे: मुलगी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. आईने नवऱ्याशी अबोला धरला. जावईबापूंना सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. तसे त्यांनी मला फोनवर सांगितले. मी तर मनात म्हटले, आपण तो करार इतका बारकाईने वाचायला नको होता. बहीण तेवढी शांत होती. ती म्हणाली, “रडू दे. तिचं तिने घालवलंय. ते वेगळं असतं.”

तिचे म्हणणे मला आता हळूहळू पटते आहे. या धंद्यात ‘हो’ म्हणायला कोणाला शिकवावे लागत नाही. बेचाळीस वेळा उत्तर न आलेला माणूस त्रेचाळिसाव्या वेळी कशालाही ‘हो’ म्हणेल. ‘नाही’ म्हणायची ताकद मात्र घरून न्यावी लागते. ती पैशाचीच असते असे नाही. काम हुकले तरी जेवणाच्या ताटावर कोणी “मी सांगत होतो” म्हणणार नाही, एवढी खात्री पुष्कळ असते. पाटलांच्या घरी मंत्रिपद होते. आपल्याकडे ते नाही. पण ही खात्री द्यायला मंत्रिपद लागत नाही. एक गोष्ट मात्र लागते: मुलांचे टपाल त्यांच्या हातात द्यावे लागते.

ती मालिका सध्या चालू आहे. आमची सौभाग्यवती ती न चुकता पाहते, आणि “त्या जागी आपली पोर असती” म्हणून रोज एकदा उसासा टाकते. नात मागे आमच्याकडे आली होती तेव्हा तिनेही दोन भाग पाहिले. मी भीत भीत तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती म्हणाली, “चांगलं करते ही मुलगी. फक्त रडताना घाई करते.” मग उठून पाणी प्यायला गेली. ऑगस्टमध्ये तिला एका वेब मालिकेत तीन दिवसांचे काम मिळाले. पोलीस चौकीतली नवी शिपाई. वाक्ये नऊ. पैसे अजून यायचे आहेत. यंदाची एकांकिका झाली. परीक्षा दिवाळीनंतर आहे, आणि टेपांची वही आता एक्कावन्नावर गेली आहे.

त्यातली एकावन्नावी टेप तिने मला मोबाइलवर पाठवली आहे. पडद्यावर ती एकटीच दिसते, रिकाम्या भिंतीपुढे, आईशी भांडणाऱ्या मुलीच्या भूमिकेत. समोरच्या आईची वाक्ये कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचावी लागतात. मैत्रीण आली नव्हती, म्हणून ती आजीने वाचली आहेत. चष्मा लावून कागद वाचत असेल, पण आवाजात कागद कुठे ऐकू येत नाही. नीट, ठाम, जरासा खोल. वरळीच्या त्या गृहस्थांना आवडला होता तो हाच.

कामाचे उत्तर अजून आलेले नाही. मी मात्र ती टेप पुसलेली नाही. सौभाग्यवती दिवे लावायला बोलावीत आहे, तेव्हा आता उठतो. पण उठण्यापूर्वी आणखी एकदा ऐकणार आहे.